हातरिक्षा थांबतील, त्या ओढणाऱ्यांच्या आठवणी आत्ताच नोंदवा

महोदय,

माथेरानचा इतिहास कुणी सांगू लागले की तो हमखास १८५० पासून सुरू होतो. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौकच्या बाजूने डोंगर चढले, मागोमाग बंगले उठले, १९०७ साली नेरळहून छोटी गाडी वर आली. मी शाळेत इतिहास शिकवत असे, तेव्हा सहलीची मुले एवढेच ऐकून डोंगर उतरत. एकदा सातवीतल्या एका मुलीने विचारले, "बाई, साहेब आले तेव्हा वर कुणीच नव्हतं का?" होते की! धनगर, ठाकूर, कातकरी यांचा या डोंगरात वावर होता. शार्लोट तलावाकाठचा पिसारनाथ आजही गावचे ग्रामदैवत आहे.

हे आज लिहिण्याचे कारण म्हणजे माथेरानच्या हातरिक्षा. माणसाने माणसाला ओढणे थांबवा, सहा महिन्यांत थांबवा, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये बजावले. निर्णय योग्यच आहे, त्याला फार उशीर झाला. पण रिक्षा बंद होताना ती ओढणाऱ्यांचे आयुष्यही विस्मरणात जाऊ नये. एक जण पुढे ओढणार, दोघे मागून लोटणार. उतारावर तेच दोघे गाडी मागे खेचून धरणार. पावसात लाल माती निसरडी झाली की पाय कसा रोवायचा? रात्री कुणी आजारी पडले तर मोटारी जिथे थांबतात त्या दस्तुरी नाक्यापर्यंत कसे न्यायचे? परवाना कुणाच्या नावावर, मजुरीची वाटणी कशी? वडील कोणत्या वाडीतून वर आले? ही उत्तरे थकलेल्या म्हाताऱ्यांकडे आहेत. घोडेवाल्यांनाही विचारायला हवे, डोक्यावर ओझी वाहून चढणाऱ्या बायांना तर आधी. त्यांना कुणी कधी विचारतच नाही.

स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवालही याच गावचे. १९१२ साली माथेरानमध्ये नाभिक कुटुंबात जन्म, पुढे वकिली, शेतकऱ्यांसाठी धान्यकोठारे, बेचाळीसमध्ये त्यांच्या ‘आझाद दस्ता’ या क्रांतिकारक गटाने पाडलेले विजेचे मनोरे, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटलांसोबत हौतात्म्य. पॉइंट पाहून परतणाऱ्या पर्यटकाला लुईझा आणि अलेक्झांडर ही नावे पाठ होतात. कोतवालांचे नाव त्याच्या कानावर पडायला नको का?

नगरपरिषदेने, परिसरातील महाविद्यालयांनी आणि ग्रंथालयांनी मिळून हे काम हाती घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मोबाइलवर आवाज नोंदवता येतो, त्याला मोठा निधी लागत नाही. जुने परवाने, पावत्या, घरातले फोटो यांच्या प्रती काढून मूळ कागद घरच्यांना परत द्यावेत. सांगणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने नोंदीवर यावे, आणि एक-दोन हातरिक्षा मोडीत न काढता जपून ठेवाव्यात. ध्वनिमुद्रणे ऐकून कागदावर उतरवण्याचे काम मी विनामोबदला करीन.

— एक निवृत्त इतिहास शिक्षिका