थर वाळवंटातली दगडी हत्यारे आणि त्यांच्याभोवतीची वाळू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राजस्थानच्या वाळवंटात दगडी हत्यारे सापडल्याच्या बातम्या मराठी वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात. तळहातावरच्या हातकुऱ्हाडीचे छायाचित्र आणि त्याखाली ‘लाखो वर्षांपूर्वीची’ अशी ओळ, एवढेच बहुधा छापले जाते. हत्यार कोणत्या थरात होते, किती खोलीवर होते, वय कशावरून काढले आणि त्यात किती फरक पडू शकतो, हे वाचकाला कळतच नाही. वाळवंटातल्या पुरातत्त्वाचा सारा जीव या माहितीत आहे. जिप्सम आणि कंकरासाठी (जमिनीत साचणारे चुन्याचे खडे), शेतीसाठी, सौरप्रकल्पांसाठी वाळूच्या टेकड्या सपाट होत असताना ती कायमची पुसली जात आहे, म्हणून हे सविस्तर पत्र.

डीडवान्याचेच उदाहरण घ्या. पूर्वीच्या नागौर जिल्ह्यातल्या या गावाभोवती पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1980 च्या दशकात मोठे काम केले. डॉ. वीरेंद्रनाथ मिश्र, भूपुरातत्त्वज्ञ डॉ. शरद राजगुरू आणि फ्रान्सच्या क्लेअर गेलार्ड यांची नावे त्याच्याशी जोडलेली आहेत. ‘16 आर’ नावाच्या टेकडीत जवळपास 20 मीटर खोलीपर्यंत छेद घेतला गेला. वाऱ्याने आणलेली वाळू, मध्येच कंकराचा पट्टा, पुन्हा वाळू, आणि त्यांत वेगवेगळ्या पातळ्यांवर पुराश्मयुगीन हत्यारे, असा तो छेद. जवळच्या सिंगी तलावावर हातकुऱ्हाडी मिळाल्या. त्यांच्यासोबत स्फटिकाचे सहा छोटे अखंड खडेही मिळाले. हत्यार घडवायला ते फारच लहान होते, तरी कुणीतरी ते उचलून आणलेले होते.

आता वयाचे पाहा. 16 आरचे पहिले कालमापन कंकरातील किरणोत्सर्गी युरेनियम-थोरियमच्या प्रमाणावरून झाले आणि खालचा थर सुमारे 3.9 लाख वर्षांचा ठरला. अडचण अशी की कंकर पावसाच्या पाण्यात विरघळतो आणि पुन्हा साचतो, त्या ओघात युरेनियमही आत-बाहेर करते आणि वय चुकू शकते. पुढे अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. अशोक सिंघवी आणि सहकाऱ्यांनी थेट वाळूच्या कणांवर ल्युमिनेसन्स पद्धत (कण किती काळ अंधारात गाडलेला होता हे मोजणारी) वापरली, तेव्हा त्याच टेकडीची नोंद सुमारे 2 लाख वर्षांची निघाली. सिंगी तलावाची उलथापालथ तर याहून मोठी. भारतातल्या अतिप्राचीन हातकुऱ्हाडींच्या जागांत त्याची गणना होत असे. 2021 मध्ये जेम्स ब्लिंकहॉर्न, हेमा अच्युतन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या कालमापनात हातकुऱ्हाडींचा थर सुमारे 1 लाख 77 हजार वर्षांचा ठरला, म्हणजे ही जागा अशा जागांपैकी सर्वांत अलीकडच्यांत जाऊन बसली. हातकुऱ्हाडी त्याच होत्या. भोवतीची माती जागेवर शाबूत होती म्हणूनच ही दुरुस्ती करता आली.

ही ल्युमिनेसन्स पद्धत प्रत्यक्ष जागेवर कशी चालते ते सांगतो. वाळूचा कण उन्हात काही मिनिटे राहिला की त्यातील क्वार्ट्झ या खनिजात साठलेला संकेत पुसला जातो. कण गाडला गेला की आसपासच्या युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियमच्या किरणोत्सर्गामुळे तो संकेत पुन्हा वाढू लागतो; तो किती वाढला यावरून वय काढतात. नमुना घेण्यासाठी आधी छेदाची उन्हात तापलेली बाहेरची बाजू निदान 30 सेंटिमीटर आत कापून ताजी करतात. साधारण 5 सेंटिमीटर व्यासाचा, 20 ते 25 सेंटिमीटर लांबीचा लोखंडी पाइप आडवा ठोकतात. बाहेरच्या टोकाला ठोकण्याआधीच काळा प्लास्टिकचा बोळा भरलेला असतो. पाइप काढताक्षणी दुसरे टोक बंद करून तो अॅल्युमिनियमच्या कागदात आणि काळ्या पिशवीत गुंडाळतात. शक्य तर हे काम काळ्या ताडपत्रीखाली किंवा अंधार पडल्यावर करतात. दोन्ही टोकांची 3 ते 5 सेंटिमीटर वाळू वय काढण्यासाठी वापरत नाहीत, कारण तिला उजेड लागलेला असू शकतो.

पाइपाची जागा निवडतानाच सगळ्यात जास्त चुका होतात. या किरणोत्सर्गातले गॅमा किरण सुमारे 30 सेंटिमीटर अंतरातून येतात. तेवढ्या अंतरात कंकराचा किंवा चिकणमातीचा पट्टा आला की फक्त पाइपातील वाळू मोजून मिळणारा किरणोत्सर्गाचा दर चुकतो. अशा ठिकाणी त्याच भोकात गॅमा स्पेक्ट्रोमीटर (हे किरण मोजणारे यंत्र) बसवून मोजमाप करावे लागते. दुसरी गफलत ओलाव्याची. पाणी किरणोत्सर्ग शोषते, त्यामुळे ओलावा 1 टक्क्याने जास्त धरला की वयही साधारण 1 टक्क्याने वाढते. आज वाळू कोरडी ठणठणीत असली तरी गेल्या लाखभर वर्षांतले पावसाळी काळ हिशेबात धरावे लागतात. तिसरी मर्यादा क्वार्ट्झचीच. साधारण लाखभर वर्षांच्या आसपास त्यातील संकेत भरून जातो आणि पुढे वाढत नाही. त्याहून जुन्या थरांसाठी फेल्डस्पार हे दुसरे खनिज वापरतात आणि त्यातून संकेत गळतो त्याची दुरुस्ती करतात. म्हणूनच ‘± 10 हजार वर्षे’ हा आकडा गाळून बातमी देणे म्हणजे अर्धीच बातमी देणे.

खोदकामातही वाळू दगा देते. कोरडी वाळू 32-34 अंशांपेक्षा उभी राहत नाही. दीड मीटर खोल सरळ चर पाणी न मारता, पायऱ्या न करता घेतला तर भिंत कोसळते. माणसाच्या जिवाला धोका असतोच, शिवाय वरची हत्यारे खालच्या थरात मिसळतात. सूक्ष्मास्त्रे 3 सेंटिमीटरपेक्षाही लहान असतात, तेव्हा 5 मिलिमीटरची चाळणी पुरत नाही, 2 मिलिमीटरचीच हवी. सांड्याची (वाळवंटातला सरडा) आणि उंदरांची बिळे छेदात वेगळ्या रंगाचे गोल डाग म्हणून दिसतात. तिथली माती वेगळी ठेवली नाही तर मध्याश्मयुगीन छिलका खालच्या जुन्या थरात ‘सापडतो’. टेकडीच्या माथ्यावर तर वारा वाळू उडवून नेतो आणि वेगवेगळ्या काळांची हत्यारे एकाच पृष्ठभागावर शेजारी शेजारी उरतात, ताटात वाढलेल्या पदार्थांसारखी. पृष्ठभागावरून वेचलेल्या हत्यारांवरून काळ सांगू नये, हे यासाठी.

हवामानाचा अर्थ लावणे याहून नाजूक. वाळू जास्त म्हणजे दुष्काळ जास्त, असे सरळ गणित थर वाळवंटात लागू पडत नाही. इथली वाळू हलवणारा मुख्य वारा नैर्ऋत्येचा, उन्हाळ्यातला. सुमारे 20 हजार वर्षांपूर्वीच्या सर्वांत थंड-कोरड्या काळात तोच मंदावला होता, म्हणून टेकड्या वाढल्या त्या नंतर, वाऱ्याने पुन्हा जोर धरल्यावर. कंकरातील कार्बनच्या समस्थानिकांवरून (कमी-अधिक वजनाच्या कार्बन अणूंच्या प्रमाणावरून) गवत होते की झाडझाडोरा, हे कळते. मात्र त्यासाठी प्राचीन पृष्ठभागापासून 30 सेंटिमीटरपेक्षा खोल असलेलाच कंकर घ्यावा. त्यावरचा कंकर वातावरणातील कार्बनने बिघडलेला असतो.

तळ्यांचा गाळ ही दुसरी साक्ष. राजस्थानातल्या सांभर, डीडवाना आणि लूणकरणसरच्या तळ्यांतील परागकणांवर गुरदीप सिंग यांनी 1970 च्या दशकात मूलभूत काम केले, आणि हडप्पा संस्कृतीच्या ऱ्हासाचा संबंध कोरड्या हवामानाशी जोडला. 1999 मध्ये लूणकरणसरच्या गाळाच्या नव्या अभ्यासात ते तळे सुमारे 4800 रेडिओकार्बन वर्षांपूर्वी (कार्बन-14 वरून थेट निघणारी, दुरुस्ती न केलेली वर्षे) आटल्याचे दिसले. कॅलेंडरच्या हिशेबात ही सुमारे 5500 वर्षे होतात. हडप्पाची नगरे भरात येण्याआधी जवळपास हजार वर्षे हे तळे आटले होते. ही दोन वर्षमाने एकत्र केल्यामुळे अनेक लेखांत सातशे वर्षांची चूक बिनबोभाट फिरत असते.

वाळवंटाच्या कडेला, उत्तर गुजरातमधील लांघणज येथे, डॉ. ह. धी. सांकलिया आणि इरावती कर्वे यांनी 1940 च्या दशकात वाळूच्या टेकडीवर केलेले उत्खनन मराठी वाचकांनी आठवावे. तिथे सूक्ष्मास्त्रे आणि मानवी सांगाडे तर मिळालेच, गेंड्याच्या खांद्याचे हाडही मिळाले. आज जिथे गेंडा उभाही राहू शकणार नाही अशा जागी ते हाड थरात होते, म्हणून त्याला अर्थ आला.

खाणी सरसकट बंद करा, असे आमचे म्हणणे नाही. कंकराच्या खाणीच्या भिंतीमुळेच अनेकदा आयता छेद मिळतो, डीडवान्याजवळच्या अमरपुऱ्याला हेच घडले. मागणी एवढीच आहे की टेकडी सपाट करण्याच्या परवानगीत एक अट असावी. मीटरभर रुंदीचा छेद साफ करून 1:20 प्रमाणात त्याचे रेखाटन करावे आणि मोजपट्टीसह छायाचित्रे घ्यावीत. जागेचे अक्षांश-रेखांश आणि खोली नोंदवावी. प्रत्येक मुख्य थरातून एक पाइप आणि किलोभर माती घ्यावी, ओलाव्याचा नमुना हवाबंद डबीत ठेवावा. जाणत्या दोन-तीन माणसांचे हे दिवसभराचे काम आहे. उत्खननाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो, त्यामुळे ही नोंद विद्यापीठांच्या पुरातत्त्व विभागांमार्फतच व्हावी.

दिवाळीच्या सुट्टीत जैसलमेर-बिकानेरकडे जाणाऱ्या मराठी पर्यटकांनाही एक विनंती. वाळूत घडवलेला दगड दिसला तर तो उचलू नका. शेजारी किल्ली किंवा नाणे ठेवून छायाचित्र घ्या, मोबाइलवरून जागेची नोंद करा आणि ती जवळच्या विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाला कळवा.

आपले,
प्रागितिहास आणि भूपुरातत्त्वाचे काही अभ्यासक, पुणे