छोटीच्या शाळेत आम्ही आडव्हेंट्सक्रान्त्स केला

प्रिय आई-बाबा,

फोनवर अर्धंच सांगून झालं म्हणून आता सगळं नीट लिहिते. छोटीच्या बाईंनी विचारलं होतं की पहिलीच्या मुलांना घरातली हिवाळ्यातली एखादी प्रथा दाखवाल का, मी सरळ सासूबाईंनाच घेऊन गेले. आडव्हेंट्सक्रान्त्स म्हणजे हिरव्या फांद्यांचं गोल कडं, त्यावर चार मेणबत्त्या. नाताळच्या आधीचे चार रविवार, दर रविवारी एक मेणबत्ती जास्त लावायची, पण त्यांच्याकडे क्रान्त्स विकत आणत नाहीत, गवताच्या गोल रिंगवर फरच्या झाडाच्या ताज्या फांद्या बारीक तारेने घरीच बांधतात. आई, तू गजरा बांधतेस ना तसंच, पुढची जुडी आधीच्या देठावर ठेवायची आणि तार घट्ट ओढायची. मुलांचे हात चिकाने नुसते चिकट झाले, पानं टोचत होती, तरी एकही पोर उठलं नाही!

बाबा, हे सगळं इथे हॅम्बुर्गमध्येच सुरू झालं. विशेर्न नावाचे पाद्री इथे गरीब मुलांसाठी राउहेस हाउस नावाचं आश्रम-घर चालवायचे, मुलं सारखी विचारायची नाताळ कधी, मग १८३९ मध्ये त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या, रविवारच्या मोठ्या पांढऱ्या आणि बाकी दिवसांच्या छोट्या लाल, म्हणजे मुलांना स्वतःच दिवस मोजता येतील.

एक मुलगी म्हणाली चारही आजच लावूया ना. सासूबाई म्हणाल्या नाही, आज एकच. मला ते फार आवडलं, इथे दुकानात लेबकुखन, म्हणजे नाताळची मसालेदार बिस्किटं, सप्टेंबरपासूनच मिळायला लागतात, मग पोरांना वाट बघायला शिकवणार कोण?

मग संत निकोलाउसची गोष्ट, तो मुलांसाठी रात्री गुपचूप खाऊ ठेवून जातो. ५ डिसेंबरला रात्री बूट चकचकीत पुसून दाराबाहेर ठेवायचे, सकाळी त्यात अक्रोड, संत्री, चॉकलेट. तो मायराचा बिशप, ते गाव आताच्या तुर्कस्तानात अंताल्याच्या बाजूला येतं, हे ऐकल्यावर मागचा एक तुर्की मुलगा उभाच राहिला, "माझी आजी अंताल्यालाच राहते!" सासूबाईंनी त्याला पुढे बोलावलं आणि पहिली मेणबत्ती त्याच्या हातून, बाईंनी हात धरून, लावून घेतली. वर्गातल्या कितीतरी घरांत नाताळ नसतो, पण त्या दिवशी कोणी बाहेरचं वाटलं नाही, मला खूप भरून आलं.

रविवारी दुसरी लावणार, इथले दुपारचे चार म्हणजे तुमचे साडेआठ, त्याआधी जेवून घ्या आणि व्हिडिओ कॉलवर या, छोटीला तुम्हाला दाखवायचंय. बाबा, बीपीची गोळी विसरू नका.

तुमची,
ताई