टोचणे कमी दुखू शकते

महोदय,

लस देताना मुलाला आडवे दाबून धरायचे आणि वर ‘अजिबात दुखणार नाही’ म्हणायचे, हे आता थांबायला हवे. लसीकरणातील वेदना कमी करण्याबाबत जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्येच सूचना दिल्या आहेत: मूल पालकांच्या मांडीवर बसलेले असावे, तान्ह्या बाळाला त्या वेळी अंगावर पाजावे, जास्त दुखणारी लस शेवटी द्यावी. यात खर्च कुठला? मधुमेहींनाही कुणी नीट सांगत नाही, की रक्तातील साखर तपासताना बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचले तर कमी दुखते, हात आधी कोमट पाण्याने धुवावेत आणि लॅन्सेट (बोट टोचायची छोटी सुई) दर वेळी नवे घ्यावे. सुई पाहून चक्कर येणाऱ्या मोठ्या माणसांना तर कृपया हसू नका. त्यांना आडवे झोपवून इंजेक्शन द्या.

– एक वाचक