घसरलेली जीभ वेगळी, मारलेली थाप वेगळी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

प्रचार सुरू झाला की रोज कुणाची ना कुणाची जीभ घसरल्याची बातमी येतेच. कुणी स्वतःच्याच पक्षाला पाडा म्हणून मोकळा होतो, कुणी उमेदवाराचं नाव चुकवतो, कुणाला चिन्ह आठवत नाही, आणि मग तेवढा दहा सेकंदांचा तुकडा दिवसभर फिरत राहतो, चॅनेलवर तोच, व्हॉट्सअ‍ॅपवर तोच, दुसऱ्या दिवशी पेपरात चौकटीत परत तोच. त्याच भाषणात त्याच माणसाने पुढे अर्धा तास जे आकडे ठोकून दिलेले असतात त्यांच्याबद्दल एक ओळ येत नाही, किंवा येते ती "असा दावा त्यांनी केला" एवढीच. आता तो दावा खरा की खोटा हे वाचकाने कुठे शोधायचं? याच गोष्टीचा राग येऊन हे पत्र लिहितोय, जरा लांबलंय, पण शक्य झालं तर पूर्ण छापा.

माझं म्हणणं एवढंच आहे की चुकून बोलणं आणि वाढवून बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण सगळे, वाचक काय आणि पेपरवाले काय, पहिलीच्या मागे लागतो आणि दुसरी तशीच सोडून देतो.

चूक कशी असते बघा. मार्च २०१८ मध्ये कर्नाटकच्या निवडणुकीआधी दावणगेरेच्या पत्रकार परिषदेत अमित शहांना बोलायचं होतं सिद्धरामय्यांच्या सरकारबद्दल, आणि सर्वात भ्रष्ट सरकार म्हणून त्यांच्या तोंडून नाव निघालं येडियुरप्पांचं, तेही येडियुरप्पा शेजारी बसलेले असताना. लगेच दुरुस्ती झाली, खरं तर विषय तिथेच संपला, पण ती क्लिप पुढे कितीतरी दिवस फिरत होती. ओबामा मे २००८ मध्ये ओरेगनमध्ये बोलून गेले की आपली ५७ राज्यं फिरून झालीत. अमेरिकेत राज्यं आहेत ५०, हे त्यांना माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? महिनोन् महिने रोज प्रवास आणि रोज भाषणं केलेल्या माणसाचा आकडा चुकला, बस. आणि डॅन क्वेल, अमेरिकेचे उपाध्यक्ष, १९९२ च्या निवडणुकीच्या वर्षात एका शाळेत गेले आणि मुलाने बटाट्याचं इंग्रजी स्पेलिंग बरोबर लिहिलेलं असताना त्याला शेवटी एक जादा अक्षर लावायला सांगितलं, कारण त्यांच्या हातात दिलेल्या कार्डवरच ते चुकीचं छापलेलं होतं. आज तीस वर्षांनंतरही त्यांचं नाव निघालं की लोकांना तेवढंच आठवतं. चार वर्षं उपाध्यक्ष असताना काय केलं, काय नाही, कुणाला काही पडलेली नाही.

या तिन्ही चुकांनी एकाही मतदाराची फसवणूक झाली नाही. ५७ राज्यं आहेत असं समजून कुणी मत दिलं नाही.

आता थाप कशी असते ते सांगतो. त्याच २००८ मध्ये हिलरी क्लिंटन यांनी प्रचारात सांगितलं की १९९६ मध्ये आपण बोस्नियात तुझलाच्या विमानतळावर उतरलो तेव्हा लपून गोळीबार चालू होता, स्वागत समारंभ ठरला होता तोही झाला नाही, माना खाली घालून गाडीकडे पळत जावं लागलं. मग सीबीएस या अमेरिकन चॅनेलने त्या दिवसाचं जुनं फुटेज बाहेर काढलं आणि त्यात दिसतंय काय, तर विमानतळावर शांतपणे स्वागत चाललंय, आठ वर्षांची एक मुलगी त्यांना भेटतेय, कविता वाचून दाखवतेय. यावर त्यांचं उत्तर होतं की बोलण्यात चूक झाली. मला खटकतं ते नेमकं इथे. एका शब्दाऐवजी दुसरा शब्द निघाला तर ती बोलण्यातली चूक. पूर्ण प्रसंगच, म्हणजे गोळीबार, पळापळ, रद्द झालेलं स्वागत, हे सगळं एकदा सोडून अनेकदा सांगितलं तर ती बोलण्यातली चूक कशी? पण जीभ घसरली म्हटलं की लोक माफ करतात हे सगळ्या उमेदवारांना कळलेलं आहे, म्हणून पकडले गेले की थापेलाही तेच नाव देतात. आपल्याकडे याच्या जोडीला आणखी एक वाक्य असतं, "माझ्या बोलण्याचा विपर्यास केला".

हे होतं कसं याचा मी बराच विचार केलाय. दिवसाला पाच-सहा सभा, सगळीकडे तेच भाषण, त्यामुळे टाळ्या कुठे पडतात हे वक्त्याला दुसऱ्याच दिवशी कळतं, मग तिथे थोडा मीठमसाला लागतो, पुढच्या सभेत आणखी थोडा, आणि महिनाभराने स्वतःचीच गोष्ट स्वतःला खरी वाटायला लागते. म्हणजे प्रत्येक जण ठरवून खोटं बोलतो असं मी म्हणत नाही. आकड्यांचंही तसंच, मंजूर झालेलं काम "सुरू" होतं, सुरू झालेलं "पूर्ण" होतं, मागच्या सरकारने अर्ध्यावर आणलेल्या कामाची फीत कापली की ते पूर्ण आपलं, वाढ दाखवायची तर सर्वात वाईट वर्ष धरून तिथून मोजायचं. यातला आकडा पुष्कळदा कागदावर बरोबरही असतो हो, पण तो कशाचा आकडा आहे हे सांगितलेलं नसतं.

युरोपियन युनियनमध्ये राहायचं की बाहेर पडायचं या ब्रिटनच्या २०१६ च्या सार्वमतात हेच झालं. युरोपियन युनियनला आपण आठवड्याला ३५ कोटी पौंड पाठवतो असं बाहेर पडा म्हणणाऱ्यांनी लाल बसवर मोठ्या अक्षरात लिहून गावोगाव फिरवलं. तिथल्या सरकारी सांख्यिकी प्राधिकरणाने मतदानाच्या आधीच सांगितलं की हा आकडा दिशाभूल करणारा आहे, ब्रिटनला मिळणारी सूट यातून वजाच केलेली नाही. तरी बसवरचा आकडा काही पुसला नाही. मतदान होऊन गेल्यावर २०१७ मध्ये तेव्हाचे परराष्ट्रमंत्री बोरिस जॉन्सन यांनी तोच आकडा परत वापरला तेव्हा प्राधिकरणाच्या अध्यक्षांना त्यांना पत्र लिहावं लागलं. माझ्यासाठी खरी परीक्षा हीच आहे. चूक दाखवून दिल्यावर माणूस काय करतो. दुरुस्त केलं तर विषय संपला, तेच परत बोलला तर तो थापा मारतोय.

१९७६ च्या निवडणुकीतल्या वादविवादात अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष फोर्ड म्हणाले की पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही, जे तेव्हा उघड होतं. प्रश्न विचारणाऱ्या पत्रकाराचा कानावर विश्वास बसेना, त्याने पुन्हा विचारून सुधारायची संधी दिली, तर फोर्ड पोलंड, रुमानियाची नावं घेऊन तेच परत बोलले आणि पुढे कित्येक दिवस माघार घ्यायला तयार नव्हते. ते निवडणूक हरले त्याला हेच एक कारण असं मी म्हणणार नाही, पण पहिल्या रात्रीच "माझं चुकलं" म्हटलं असतं तर एवढं लांबलं नसतं हे नक्की.

पेपरवाल्यांचीही चूक होते, तेही लिहायला पाहिजे. अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष अल गोर यांनी १९९९ मध्ये सीएनएनच्या मुलाखतीत म्हटलं की संसदेत असताना इंटरनेट निर्माण करण्यात मी पुढाकार घेतला. यात श्रेय जरा जास्तच घेतलं, मान्य. पण बातम्यांमध्ये आणि विरोधकांच्या तोंडी त्याचं झालं "इंटरनेटचा शोध मी लावला", जे ते कधीच बोलले नव्हते. संगणकाच्या जाळ्यांना पैसा देणारा १९९१ चा कायदा त्यांच्या प्रयत्नाने झाला होता आणि इंटरनेटच्या मूळ रचनेवर काम केलेल्या व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी स्वतः लिहून त्यांची बाजू घेतली, पण तोपर्यंत चेष्टा घरोघर पोचली होती. उमेदवाराने वाढवून सांगितलेल्या गोष्टीला आपण आणखी वाढवायचं, मग त्याला जाब कोणत्या तोंडाने विचारायचा?

आपल्याकडचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे १५ लाखांचं. नोव्हेंबर २०१३ मध्ये छत्तीसगडमधल्या कांकेरच्या सभेत नरेंद्र मोदी म्हणाले की परदेशातला काळा पैसा परत आला तर एकेका गरिबाला १५-२० लाख असेच मिळतील. वाक्यात "तर" होतं. ऐकणाऱ्यांनी ते खात्यात जमा होणार असं धरलं आणि २०१५ मध्ये अमित शहांनी मुलाखतीत त्याला जुमला म्हटलं. आता मला सांगा, सभेत उभ्या असलेल्या माणसाने कोणतं वाक्य आश्वासन आणि कोणतं जुमला हे ओळखायचं कसं? दुसऱ्या बाजूलाही तेच, एप्रिल २०१९ मध्ये राहुल गांधींनी "चौकीदार चोर है" हे सुप्रीम कोर्टानेच मान्य केलं असं सांगून टाकलं, कोर्ट तसं काही बोललंच नव्हतं. आधी नुसता खेद, मग मे महिन्यात बिनशर्त माफी, आणि नोव्हेंबरमध्ये कोर्टाने यापुढे जपून बोला सांगून प्रकरण मिटवलं. माफी झाली, चांगलं झालं, पण ती येईपर्यंत मतदानाचे बहुतेक टप्पे उरकले होते.

कायद्याकडे बघितलं तर आणखी वाईट वाटतं. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ मध्ये कलम १२३(४) आहे, त्यात दुसऱ्या उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल माहीत असून खोटं पसरवलं तर तो भ्रष्ट आचार धरतात. प्रतिज्ञापत्रात खोटं लिहिलं तर कलम १२५अ खाली सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पण माईक हातात घेऊन स्वतःच्या कामाबद्दल वाटेल तो आकडा फेकला तर या दोन्ही कलमांत त्याला हात लागत नाही. उमेदवाराची उमेदवारापासून सोय केली आहे, मतदाराची कुणी केली? सगळंच बोलणं कायद्याने बांधून टाका असं मला म्हणायचं नाही, ते उद्या सत्तेवर असलेल्यांच्याच हातातलं हत्यार होईल. म्हणूनच हे काम पेपरांचं आहे असं मला मनापासून वाटतं.

तर विनंती अशी. भाषणाच्या बातमीत आकडा छापला की त्याच बातमीत, त्याच पानावर, तो कशाचा आहे, कधीपासून कधीपर्यंतचा आहे, काम झालंय की नुसतं जाहीर झालंय हे दोन ओळीत द्या. चार दिवसांनी आतल्या पानावर दिलं तर वाचतं कोण? उमेदवाराने दुरुस्ती केली तर ती मूळ बातमीएवढ्याच टायपात छापा, आणि दुरुस्त करून दिल्यावरही तोच आकडा परत बोलला तर "दावा केला" असं न लिहिता हे आधीच चुकीचं ठरलंय असं स्पष्ट लिहा, मग तो कुठल्याही पक्षाचा असो, आणि मी ज्याला मत देतो त्याचाही असो. नाव चुकलं, शब्द अडखळला, तर जाऊ द्या त्याला.

मतदान संपायच्या आधी ४८ तास जाहीर प्रचार बंद होतो, म्हणजे शेवटच्या सभेत सोडलेल्या पुडीला विरोधकाला सभेतून उत्तरही देता येत नाही. त्या दोन दिवसांत लोकांच्या हातात पेपरच असतो. निदान तेवढ्या दोन अंकांत तरी शेवटच्या सभांमधल्या दाव्यांची तपासणी पहिल्या पानावर घ्या.

आपला,
एक जुना वाचक