कलमाची गाठ

नागपूर,
कोजागिरीचा दुसरा दिवस

प्रिय गजू,

सप्रेम नमस्कार.

संत्र्याच्या बगीच्याचा इसार घेतला. अक्षय तृतीयेला. पाच लाख, एका प्लॉट पाडणाऱ्या ले-आऊटवाल्याकडून. खरेदीखत दिवाळी झाल्यावर ठरलं आहे. हे सहा महिने तुझ्यापासून लपवलं. फोनवर चार वेळा तोंडाशी आलं होतं, पण तुझ्याकडे वहिनी बाजूला बसलेल्या असतात आणि माझ्याकडे ही, म्हणून राहिलं. आता काय घालायच्या त्या शिव्या घाल आणि मग पुढं वाच, कारण सांगायचं आहे ते वेगळंच आहे.

तब्येती बऱ्या आहेत. माझा गुडघा आहे तसाच, शुगर आटोक्यात, हिचं बीपी गोळीवर.

पोर्तुगालात लिस्बनला मीनूकडे दोन महिने काढून घटस्थापनेच्या आदल्या दिवशी आम्ही परतलो. तिथं सप्टेंबरात पोरीनं आम्हाला एका सहलीला पाठवलं, म्हणजे स्वतः सोबत आली. सकाळी शहरातल्या चौकातून छोटी बस घेते, सोबत गाईड, समुद्राकाठचे द्राक्षमळे दाखवतात, वाइन चाखवतात आणि संध्याकाळी परत आणून सोडतात. बसमध्ये आठ माणसं. मी मीनूला म्हटलं, तुझ्या आईला घेऊन दारूच्या कोठारात फिरू का? ती म्हणाली, बाबा, तू ॲग्रीकल्चरचा माणूस आहेस, तू मळा बघ. मग ही तयार झाली. तेही गाईडनं पहिलं ठिकाण 'सिंत्रा' सांगितलं तेव्हा. हिला वाटलं संत्रा! दिवसभर त्या बाईला विचारत होती, झाडं कुठं आहेत म्हणून. तिथं राजवाडे आणि टेकडीवरचं धुकं, बाकी गर्दीच गर्दी. आपल्या रामटेकच्या यात्रेसारखी, फक्त सगळे छत्र्या घेऊन.

तिथून काबू दा रोका. युरोपच्या मुख्य भूमीचं पश्चिमेकडचं शेवटचं टोक. जवळजवळ दीडशे मीटर उभा कडा, खाली अटलांटिक. वारा असा की हिचा पदर मीनूनं दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. फोटो काढले, पाठवीन.

आणि मग कोलारेश. गजू, ते गाव तू बघायला हवं होतंस. महाराजबागेच्या कॉलेजात सर फिलॉक्झेरा शिकवायचे, आठवतं? मुळं खाणारा बारीक किडा, 1860च्या दशकात अमेरिकेतून युरोपात आला आणि देशच्या देश द्राक्षमळे वाळवून गेला. शेवटी अमेरिकन वेलीच्या खुंटावर कलम बांधूनच ती द्राक्षं वाचली. तू तोंडी परीक्षेत छातीठोकपणे सांगितलं होतंस की बोर्डो नावाच्या साहेबानं मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण शोधलं. बोर्डो हे फ्रान्समधलं शहर! सर इतके हसले की तुला चार गुण जास्तीचे देऊन गेले. ते अजून माझ्या हिशेबात आहेत.

तर कोलारेशला किडा शिरलाच नाही. कारण जमीन वाळूची. वाळूत त्याला चालता येत नाही. म्हणून तिथली वेल आजही स्वतःच्या मुळावर आहे. कलम नाही. 1908 मध्ये सरकारनं त्या भागाची हद्द आखून दिली. वेल लावायची तर वर नुसती वाळू, खाली कुठंतरी चिकणमाती. तेव्हा खणत खणत मातीपर्यंत जायचं, काडी तळाशी ठेवायची आणि ती वाढेल तशी वाळू भरत यायची. गाईड सांगत होती, खणणारे मजूर डोक्यावर टोपली उलटी घालून उतरायचे. वाळू ढासळली तर टोपलीखाली श्वास घेता यावा म्हणून. मला आपली विहीर आठवली. 1991 च्या उन्हाळ्यात तू आणि मी पायऱ्या धरून खाली उतरलो होतो आणि बाबूजी वरून ओरडत होते.

वेली उभ्या नाहीतच. मांडव नाही, तार नाही. अजगरासारख्या वाळूवर पसरलेल्या. समुद्राच्या वाऱ्यापासून आडोसा म्हणून सुक्या बोरूचे कूड लावलेले. घड पिकायला आले की वाळूच्या तापानं भाजतात, म्हणून प्रत्येक फांदीखाली वीतभर बोरूचा टेकू. एकेक टेकू हातानं लावलेला. मी गुडघा विसरून खाली बसलो. वेलीचं खोड मनगटाएवढं. बुंध्याची वाळू बाजूला सारून मी कलमाची गाठ शोधू लागलो, हात सवयीनं तिकडेच जातो. आपल्या झाडाला कशी जमिनीपासून वीतभर वर खूण दिसते, खाली जंबेरी लिंबाचा खुंट आणि वर संत्रा, दोन रंगांची साल. तिथं तशी खूणच नव्हती. खालपर्यंत एकच साल. मी नखांत वाळू घेऊन बसलो आणि गाईड वाट बघत उभी.

पानांवर निळसर डाग होते. मी आपल्याशीच म्हणालो, बोर्डो. आणि पलीकडे कात्री घेऊन एक म्हातारा बसला होता, मळा त्याचाच, त्यानं मान वर केली. भाषांतर नाही, काही नाही. "काल्दा बोर्दालेझा!" म्हणाला आणि हसला. मग मी बोटांनी दाखवलं, मोरचूद एक, चुना एक, पाणी दहा, आम्ही खोडाला मीटरभर लावतो, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा. मीनू सांगत गेली, गाईड त्याच्या भाषेत सांगत गेली. त्यानं हात हलवून कळवलं, आम्ही पातळ करतो, पानांवर मारतो. फ्रान्समध्ये रस्त्याकडेच्या द्राक्षांवर चोरांनी हात मारू नये म्हणून शेतकरी चुना-मोरचूद शिंपडायचे, त्या वेलींना केवडा रोग लागला नाही हे मिलार्दे नावाच्या प्राध्यापकानं पाहिलं आणि 1885 मध्ये जगाला सांगितलं. सरांनी हे शिकवलं तेव्हा आपण मागच्या बाकावर संत्री सोलत होतो. चाळीस वर्षं मी ते मिश्रण झाडांना लावलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा ज्यांचं औषध त्यांच्यात जाऊन बसलो.

मग म्हाताऱ्यानं विचारलं, तुमचा खुंट कोणता?

गजू, जगात दुसरं कोणी हे विचारलं नसतं. मी म्हटलं, जंबेरी. आणि तुझं तोंड डोळ्यांसमोर आलं. 1987. तू सांगत होतास, रंगपूर लाईमवरची कलमं आण, डिंक्या रोगाला टिकतील. बाबूजी म्हणाले, जंबेरीवरच आमच्या आजानं लावली. मी बापाच्या बाजूनं बोललो आणि तू माझ्याशी महिनाभर बोलला नाहीस. साडेसहाशे लावली होती, आज चारशेला थोडी कमी आहेत. डिंक्यानं नेली ती नेली. तुझं बरोबर होतं. हे मी कधी म्हटलं नाही, आज म्हणतो.

पुढचं ऐक. मीनूनं त्याला फोनवर आपल्या बगीच्याचे फोटो दाखवले. आंबिया बहाराचे, मागच्या वर्षीचे. म्हणाली, हे माझ्या बाबांचं आहे, मी इथंच वाढले, ही विहीर, हे बांधावरचं कवठ. लहानपणी बोलायची तशी भरभर बोलत होती. म्हाताऱ्यानं उठून माझा हात दोन्ही हातांत घेतला. खरखरीत हात, बोटांना डाग. आणि तो धरून राहिला, नातेवाईक भेटावा तसा. मला काही बोलता आलं नाही. इसार घेतलेला माणूस मी. पोरीला माहीत नाही, हिनं मान फिरवली.

बोरूच्या कुडापलीकडे एक नवा बंगला होता, पोहण्याच्या तलावासकट, आणि त्यापुढं पाटी, 'वेंदे-से'. मी गाईडला अर्थ विचारला. म्हणाली, विकणे आहे. पूर्वी ही सगळी टेकडी मळ्यांची होती. लिस्बन वाढत आलं, लोकांना समुद्राकाठी घरं हवी झाली, वाळूच्या जागेला वेलीपेक्षा बंगल्याचा भाव जास्त आला. आता असे मळे मोजकेच उरले आहेत. काटोल रोडवर आपण बघतोय तेच की! फेटरीच्या पुढं किती बगीचे होते, आणि आता ले-आऊटच्या कमानी आणि झेंडे.

वाइन चाखायला गावच्या सहकारी कोठारात गेलो. 1931 ची संस्था. गाईडनं कुलूप काढताना किल्ल्यांचा जुडगा वाजवला आणि 'शाव' म्हणाली. आपला चावी हा शब्द पोर्तुगीजांकडूनच आला, आणि पाव, अननस, काजूही. हिला हे फार आवडलं. आत अंधार, गारवा, पुरुषभर उंचीपेक्षा मोठे लाकडी पिंप. आधी पांढरी दिली, मालव्हाझिया. घोट गिळल्यावर शेवटी जिभेवर मीठ राहतं, समुद्राचं. मग लाल. रामिस्को जातीची, दाणा बारीक, साल जाड. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी धरते, तशी धरली. सगळे ग्लास फिरवून, वास घेऊन, शेजारच्या भांड्यात थुंकत होते. माझ्यानं थुंकवलं नाही. त्या म्हाताऱ्याचे टेकू आठवत होते. मी दोन्ही प्यायलो. हिनं आयुष्यात पहिल्यांदा ओठ लावले आणि म्हणाली, कडूलिंब परवडला.

परतताना कश्कैशला समुद्राच्या कठड्यावर बसलो होतो. ही बाकीच्यांबरोबर आइस्क्रीम आणायला गेली. मी मीनूला सांगून टाकलं. विहिरीला मार्चनंतर पाणी नाही, वाळक्या फांद्यांची सल काढायला माणूस मिळत नाही, मिळाला तर त्याची मजुरी फळातून निघत नाही, कोळशी रोगानं दोन बहार काळे केले, माझा गुडघा बांधावरून चालू देत नाही, आणि तू इथं. सगळं सांगितलं. मला वाटलं होतं रडेल किंवा भांडेल. ती बराच वेळ पाण्याकडे बघत बसली आणि मग एवढंच म्हणाली, "गजूकाकाला सांगितलंस?"

म्हणून हे पत्र.

तू 2016 मध्ये तुझा बगीचा विकलास तेव्हा मी तुला काय म्हणालो ते तुला पाठ असेल. सीताबर्डीच्या त्या लग्नात, जेवणाच्या पंगतीत, दहा माणसांसमोर. काळी आई विकून पुण्यात फ्लॅट घेतला म्हणून. तू ताटावरून उठला नाहीस. तसाच मान खाली घालून जेवत राहिलास, आणि वरणभात कालवता कालवता तुझा हात थांबला होता. मला तो हात अजून दिसतो. नंतर वर्षभरानं वहिनींनी हिला सांगितलं की भावाच्या दवाखान्याचं कर्ज होतं, आणि तू कुणाला कळू दिलं नव्हतंस. मी तेव्हाही आलो नाही. फोन केला आणि हवापाण्याच्या गोष्टी केल्या. मी चुकलो, गजू. आठ-नऊ वर्षं हे मनात घेऊन बसलो आणि आता माझ्यावर तीच पाळी आली तेव्हा लिहितो, याचं मला फार वाईट वाटतं. पण लिहितो.

मला तुझ्याकडून हो किंवा नाही नको आहे. करारात लिहिलं आहे, माघार घेतली तर इसार दुप्पट परत करायचा. तेवढी सोय माझी मीच पाहीन. मला फक्त सौदा पुरा होण्याआधी एकदा तू तिथं उभा राहायला हवा आहेस. बाबूजींनी पहिली ओळ धरली त्या कोपऱ्यात, कवठाखाली. तू विकून आलेला आहेस. विकल्यानंतर पहिल्या मृगाला काय होतं ते तुलाच ठाऊक. खरं ते सांग, मला जपून सांगू नकोस.

तुझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं असं कळलं. सुनेचे दिवस भरत आले ना? थंडीत जप. सोसायटीच्या सेक्रेटरीपदाचं काय केलंस? नको घेऊ ते, माणसं वैरी होतात.

आंबियाची फळं रंग धरू लागली आहेत. या वर्षी फळगळ कमी. व्यापारी दोनदा येऊन गेला, मी सौदा केलेला नाही. दिवाळीच्या आधी ये. गरीबरथचं तिकीट मी काढतो, तू तारीख सांग. स्टेशनवर मी येतो.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
दिन्या

ता. क. त्या लाल वाइनची अर्ध्या लिटरची एक बाटली आणली आहे. ही ती देवघराच्या खोलीत ठेवू देत नाही, म्हणून बगीच्यातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत ठेवली आहे. आणि येताना तुझी ती जुनी सल काढायची कात्री आण. माझ्या कात्रीची स्प्रिंग गेली.