सर, तुम्ही मोबाइल धरलात म्हणून

आदरणीय सर,

नमस्कार.

माझ्या कुत्रीचं, मिरीचं, 'डॉग पार्कर'मधलं दुसरं टायटल आल्याचं सांगायला मी फोन केला, तेव्हा तुम्ही "शाब्बास" म्हणालात आणि लगेच विचारलंत, "नखं कापलीस का तिची?" मी आभार मानायला लागले तर "ते राहू दे" म्हणून फोन ठेवलात. म्हणून हे पत्र लिहिते आहे, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. टेकडीवर हल्ली कुणी ना कुणी थांबवून विचारतं, हे काय शिकवताय कुत्रीला, आमच्याला जमेल का? त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे जे आहे, त्यातलं बहुतेक तुमच्याकडूनच आलेलं आहे.

पहिला दिवस तुम्हाला आठवत असेल. नोव्हेंबरातली सकाळ, पुण्यातली वेताळ टेकडी. मिरीला मी जवळजवळ माझ्या कमरेएवढ्या दगडी कट्ट्यावर चढवलं होतं. माझ्या एका हातात मोबाइल, दुसऱ्या मुठीत उकडलेल्या चिकनचे तुकडे, दोरी मनगटात अडकवलेली. मी "ये" म्हटलं आणि तिने उडी मारली. खाली बारीक मुरूम होता. पुढचे पाय घसरले, हनुवटी जमिनीवर आपटली आणि ती किंचाळली. तो आवाज मी अजून विसरलेले नाही.

तुम्ही रोजच्या फेरीला निघाला होता. तुम्ही रागावला नाहीत, धावतही आला नाहीत. चार हात लांब खाली बसलात, तिच्याकडे पाठ करून, आणि ती आपणहून हुंगायला आली तेव्हा तिचे पाय हलकेच चाचपून पाहिलेत. मग माझ्याकडे वळून विचारलंत, "तू खाली उभी होतीस. तुझे हात कुठे होते?"

तीस वर्षं मुलांना मल्लखांब शिकवलेल्या माणसाचा तो प्रश्न होता, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मात्र मला माझे हात दिसले. दोन्ही भरलेले होते, आणि त्यातला एकही मिरीसाठी मोकळा नव्हता.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. पार्कर मूळचं फ्रान्सचं. पॅरिसजवळच्या लिस या गावात डाव्हिद बेल आणि त्याच्या सोबत्यांनी ते घडवलं. वाटेत येणारी भिंत, कठडा, जिना टाळायचा नाही, त्याच्यावरून, खालून, मधून आपल्या शरीराच्या बळावर जायचं. तेच कुत्र्यांसाठी कुणाला तरी सुचलं. आता 'इंटरनॅशनल डॉग पार्कर असोसिएशन' नावाची संस्था त्याची टायटल देते. स्पर्धा नाही, मैदान नाही, कुणाला हरवायचं नाही. आपण आपल्या जागी सराव करायचा, ठरलेल्या कृतींचे व्हिडिओ काढून पाठवायचे. परीक्षक ते पाहतात आणि पास झालं की टायटल मिळतं. पुण्यात बसून हे करता येतं, हेच मला आधी खरं वाटत नव्हतं.

पहिली पायरी 'ट्रेनिंग'. ती घरातल्या वस्तूंवर करता येते. आमच्याकडे तेव्हा पाट, उलटी घमेली, धुण्याचा टब, जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या असा सगळा संसार हॉलमध्ये मांडलेला असायचा. पुढचे दोन पाय वर, चारही पाय वर, खालून, मधून, आत, भोवती फेरी, मागे सरकणं, थांबणं. त्यानंतर 'नोव्हिस'. तिथे घरातलं सामान चालत नाही. बाहेर पडावं लागतं, आणि खडक, बाक, ओंडके, पायऱ्या, कठडे जे जसं आहे तसं वापरावं लागतं. पुढे 'इंटरमीडिएट', 'एक्स्पर्ट' आणि त्यापुढचं. टायटलला तुम्ही पहिल्यापासून 'किताब' म्हणालात. मलाही आता तोच शब्द आवडतो.

मी हे सुरू केलं ते किताबासाठी नव्हे. मिरी बांधकामाच्या जागेवर सापडलेली, काळी, गावठी. आमच्याकडे आली तेव्हा गटाराची जाळी दिसली की आडवी पडायची. उडणारी प्लॅस्टिकची पिशवी, रिक्षाचा फटफट आवाज, शटर ओढल्याचा आवाज, सगळ्यानेच पोट जमिनीला टेकायचं. रोज त्याच गल्लीतून त्याच भीतीतून आम्ही दोघी जात होतो. कुणीतरी सांगितलं, तिला एखाद्या वस्तूवर पाय ठेवायला शिकव, तो पाय तिने स्वतः ठेवलेला असला पाहिजे. पहिल्यांदा तिने पाटावर उजवा पंजा ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं, ती संध्याकाळ माझ्यासाठी सणासारखी होती. आधीचं हे सगळं तुम्ही पाहिलेलं नाही, म्हणून लिहिलं.

पुढचं सगळं तुमच्या देखत झालं. दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या हातातला मोबाइल काढून घेतलात. "हा मी धरतो. तू तिला धर."

मग तुम्ही मला उभं राहायला शिकवलंत. समोर नाही, बाजूला. गुडघे किंचित वाकलेले. एक हात छातीच्या खाली, न टेकता. दुसरा पाठीवरच्या पट्ट्याजवळ. डोळे तोंडाकडे नाही, पायांकडे. "मुलगा खांबावर असतो तेव्हा मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत नाही, तो घाबरलाय की हसतोय ते मला पायांच्या पकडीत दिसतं," असं तुम्ही म्हणालात. मिरीचंही तेच आहे. तिचे मागचे पंजे आखडून नखं दगडात रुतली की मला आता कळतं, इथे थांबायचं.

संस्थेच्या नियमांतही हे आहे. कुत्र्याला सांभाळायला जवळ उभं राहायचं आणि दोरी हार्नेसच्या, म्हणजे छाती-पाठीवरून बांधायच्या पट्ट्याच्या, पाठीवरच्या कडीला लावायची. मी नियम वाचले होते, पण वाचून हात जागेवर जात नाहीत. गळपट्ट्याला लावलेली दोरी पाहून तुम्ही नियम न वाचताच म्हणाला होता, "घसरली तर फास बसेल." त्याच दिवशी मी गळपट्टा सोडून हार्नेस आणला. असा घेतला की पाठीवर मूठ आहे, पकडायला.

तुमची दुसरी शिकवण उतरण्याची. मल्लखांबावर तुम्ही नवीन मुलाला वर जायच्या आधी खाली यायला शिकवता, हे ऐकून मला नवल वाटलं होतं. मिरीच्या बाबतीत त्यामागचं कारण आपण दोघांनी मिळून डॉक्टरांकडून समजून घेतलं. कुत्र्याला आपल्यासारखं गळ्याच्या खालचं आडवं हाड नसतंच म्हटलं तरी चालेल. त्याचे पुढचे पाय धडाला हाडाच्या सांध्याने नाही, फक्त स्नायूंनी जोडलेले असतात. नुसतं उभं असतानाही वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो. उडी मारून खाली आलं की सगळा हिसका तिथेच. तुम्ही तिथे वही काढून लिहून घेतलंत. डॉक्टर तुम्हाला विचारत होते, कुत्री तुमची का?

तेव्हापासून मिरी तिच्या खांद्याहून उंच कशावरूनही उडी मारून उतरत नाही. पुढचे पाय माझ्या मांडीवर, मग जमिनीवर. नाहीतर मी छातीखाली हात घालून उतरवते. व्हिडिओत ते दिसलं म्हणून काही कमी होत नाही, उलट ते दिसायलाच हवं. ज्यांच्या घरी पिल्लू आहे त्यांना मी हात जोडून सांगते, वर्ष-दीड वर्षाच्या आत उड्या नकोत. हाडांची टोकं तोवर वाढत असतात. पाट, टब, उशी एवढं पुष्कळ आहे.

मागच्या पायांचं वेगळंच. आपल्याला मागे पाय आहेत हे कुत्र्याला जणू माहीतच नसतं, पुढचे जातील तिथे ते ओढले जातात. मिरीला पुढचे पाय उलट्या घमेल्यावर ठेवून मागच्या पायांनी भोवती फिरायला आम्ही दोन महिने लावले. तुम्ही रोज म्हणायचात, "आज एक पाऊल जास्त पडलं." मी मोजत नव्हते, तुम्ही मोजत होता.

आणि तो ओंडका. खाणीकडे जाणाऱ्या वाटेवर पडलेलं गिरिपुष्पाचं झाड. मला नोव्हिससाठी तोलाची कृती तिथेच हवी होती, सकाळचं ऊन सुंदर पडायचं. मिरी तीन आठवडे त्याच्यावर चढली नाही. मी खाऊ पुढे पुढे सरकवत होते, ती मान लांब करून खाऊ घ्यायची आणि पाय तिथेच. तुम्ही मला थांबवलंत. एका मुलाची गोष्ट सांगितलीत, जो खांबाला हात लावायला घाबरायचा. तुम्ही त्याला उचलून वर चढवलं नव्हतं. आठवडाभर तो फक्त खांबाला एरंडेल चोळायला यायचा. आठव्या दिवशी त्याने स्वतःच अढी घातली, खांबाला पायांची पकड. ते ऐकून मी ओंडक्यावर बसले, थर्मासमधला चहा तुम्हाला दिला, आणि आपण मिरीला काहीच सांगितलं नाही. असे चार दिवस. पाचव्या दिवशी ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, चारही पायांवर, ओंडक्यावर. तुम्ही मोबाइल खिशातच ठेवलात. "आज नको काढू," म्हणालात. ते मला तेव्हा पटलं नव्हतं, आज पटतं. त्या दिवशी ती आपल्यासाठी चढली नव्हती.

एका बाबतीत मात्र मी तुमचं ऐकलं नाही, आणि अजूनही ऐकणार नाही. खाऊ देऊन करून घेणं तुम्हाला लाच वाटायची. सर, घाबरणाऱ्या जनावराने धीर केला की त्याला लगेच, हातोहात, त्याचं मोल मिळालं पाहिजे. काम झाल्यावर दिलेली ती मजुरी आहे, लाच आधी देतात. तुम्ही यावर बराच वेळ काही बोलला नाहीत. पुढच्या आठवड्यात तुमच्या खिशात फुटाण्यांची पुडी होती.

व्हिडिओंच्या बाबतीत तुम्ही कोणत्याही परीक्षकापेक्षा कडक होता. "दोरी ताणलेली दिसते, परत." "तुझी सावली तिच्या पायांवर पडली, परत." "ती दमली आहे, आज बास." शेवटचं वाक्य मला सगळ्यांत जास्त वेळा ऐकायला मिळालं. दहा मिनिटं झाली की तुम्ही घड्याळ दाखवायचात. एप्रिलमध्ये तर आठ वाजायच्या आधीच कातळावर हाताची मागची बाजू टेकवून पाहायचात. सात आकडे मोजेपर्यंत ठेवता आली नाही तर सरळ घरी. जुलैत शेवाळलेल्या पायऱ्या पाहून दोन महिने वरचा सराव बंद ठेवलात आणि खाली उतरल्यावर माझ्याबरोबर मिरीच्या कानांतल्या, बोटांच्या बेचक्यांतल्या गोचिडी काढत बसलात. तुमच्या वयाच्या माणसाला उकिडवं बसायला लावल्याचं मला वाईट वाटायचं. तुम्ही म्हणायचात, माझी सवय मोडलेली नाही.

नोव्हिसच्या क्लिपमध्ये एक जागा आहे, मी ती परत परत पाहते. मिरी बाकाखालून बाहेर येते, वळते आणि मोबाइलच्या दिशेने शेपूट हलवत दोन पावलं जाते. मोबाइलच्या मागे तुम्ही आहात. कॅमेरा हलत नाही, पण तुमचा आवाज येतो, अगदी हळू, "ये गं." तो भाग कापायला मला जमलं नाही, तसाच पाठवला. पास झाला.

परवा आम्ही लक्ष्मी रोडवरून गेलो. मिरी गटाराच्या जाळीपाशी थांबली. माझ्याकडे पाहिलं, पुढचा पाय ठेवला, मग दुसरा. गर्दी होती, मागून कुणीतरी "अहो चला" म्हणत होतं. मी बाजूला उभी राहिले, गुडघे वाकवले, हात तिच्या छातीखाली, न टेकता. ती पार झाली. हे कुठल्याच किताबात बसत नाही, पण तुम्हाला सांगायचं होतं.

प्रमाणपत्राची छापील प्रत मी तुमच्या सूनबाईंकडे दिली आहे. त्यावर तुमचं नाव नाही, ते छापायची सोयच नव्हती, म्हणून मागच्या बाजूला मी पेनाने लिहिलंय.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी तुम्हाला चढ वर्ज्य केलाय, हे कळलं. टेकडी राहू दे. तुमच्या सोसायटीच्या बागेत कट्टा आहे, सपाटीला, उंची मी मोजून आले, मिरीच्या कोपराएवढी. इंटरमीडिएटसाठी मागे सरकत सरकत मागचे पाय वर ठेवायचे आहेत, त्याला तो अगदी बेताचा आहे. मी मोबाइलसाठी स्टँड घेतला होता. परवा वापरून पाहिला, पण तो "परत" म्हणत नाही.

तुम्ही खुर्चीत बसूनच धरा. शनिवारी सकाळी सातला येऊ का, ते सूनबाईंना सांगून ठेवा. फुटाणे मी आणते.

तुमची,
मिरीची आई