दोरीवरची मासिके

मराठी मासिके मोबाइलने संपवली, असे सरसकट म्हटले जाते. ते मला पटत नाही. किर्लोस्करवाडीहून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ आणि १९३० मध्ये ‘स्त्री’ निघाले, पुढे ती घरोघरी वाचली गेली. पण ‘सत्यकथा’ १९८२ मध्येच, म्हणजे घरोघरी इंटरनेट येण्याच्या कितीतरी आधी, बंद पडले होते. वर्गणीदार घटले, की कागद-छपाईचा सारा भार जाहिरातींवर येतो आणि जाहिरातदार मात्र दिवाळी अंकापुरताच हात सैल सोडतात. आमच्या बसस्थानकावरील स्टॉलच्या दोरीला पूर्वी चिमट्यांनी मासिके टांगलेली असत. आज तिथे वेफर्सच्या पुड्या लोंबतात. (विक्रेत्याचे तरी काय चुकले?) सार्वजनिक वाचनालयांनी निदान दोन-तीन मासिकांची वार्षिक वर्गणी नियमित भरावी.

– एक वाचक, सातारा